स्थळ फौजीचं आहे, विचारायचं कसं?

प्रिय मावशी,

मी ३६ वर्षांची आहे, कराडजवळ राहते. घटस्फोट होऊन पाच वर्षं झाली, पदरात नऊ वर्षांची मुलगी आहे. एका दवाखान्यात नर्स म्हणून काम करते. चार महिन्यांपूर्वी लग्न जुळवण्याच्या साइटवरून एक स्थळ आलं. निवृत्त मेजर, मराठा रेजिमेंट. २२ वर्षं नोकरी करून ३६व्या वर्षी, २०१९ साली रिटायर झालो म्हणतात. घटस्फोटित, पेन्शन चालू. गाव विदर्भात, सध्या पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. आम्ही दोनदा भेटलो, दोन्ही वेळा कराडच्या हॉटेलात. बोलणं खूप छान आहे. मुलगी त्यांना 'फौजी काका' म्हणते, तिने त्यांचा वर्दीतला फोटो अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवलाय.

दोन महिन्यांपूर्वी त्यांची पेन्शन 'स्पर्श' या पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेत अडकली, क्लिअरन्ससाठी पैसे भरायचे होते, म्हणून मी दोन वेळा मिळून ८५,००० रुपये पाठवले. त्यांच्या सहायकाच्या नंबरवर. आता माझ्या भावाला लष्कराच्या कॅन्टीनच्या कोट्यातून गाडी काढून देतो म्हणतात, दीड लाख आगाऊ मागितलेत. पुढच्या महिन्यात आळंदीला साधं लग्न करू असा आग्रह आहे. मी एकदा चाचरत कागदपत्रांचं विचारलं, तर दुखावले. 'देशासाठी गोळ्या झेलणाऱ्या माणसावर तुझा विश्वास नाही?' म्हणाले. मला इतकी लाज वाटली की मी माफी मागितली. वडील नाहीत. आई म्हणते, फौजीचं स्थळ नशिबाने येतं, घालवू नकोस. दोन्ही फोटो सोबत पाठवतेय. मावशी, मी विचारलं ते चुकलं का?

– एक वाचक, कराड

*

नाही गं, अजिबात चुकलं नाही. मागितलेली माफी मात्र मनातून परत घे.

पत्र वाचायला घेतलं तेव्हा सविस्तर, शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. पण दीड लाखाच्या ओळीवर आले आणि थांबले. म्हणून आधी कामाचं सांगते. ते दीड लाख द्यायचे नाहीत. भावालाही आजच फोन करून सांग, कारण तुझ्याकडून नाही निघाले तर हा माणूस थेट त्याच्याकडे जाईल. आणि ८५,००० गेलेत त्यासाठी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर. दोन महिने उलटलेत, पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीत पैसे गोठवता येतात तशी आशा आता कमी आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुणाचं, हे शोधायची वाट त्या तक्रारीतूनच निघते. आणि त्या खात्यात तुझ्यासारख्या आणखी कुणाकुणाचे पैसे गेलेत, तेही तिथेच कळतं.

आता तू पाठवलेले फोटो.

मी फौजीच्या घरात वाढले. वडील हवालदार म्हणून रिटायर झाले. त्यामुळे वर्दीतला फोटो दिसला की माझी नजर चेहऱ्याच्या आधी खांद्यावर जाते. पहिल्या फोटोत खांद्यावर दोन तारे आहेत आणि त्यांच्या खाली लाल-पिवळी पट्टी. ती पट्टी जेसीओची, म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या हुद्द्यांची: नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. दोन तारे आणि पट्टी म्हणजे सुभेदार. मेजरच्या खांद्यावर तारे नसतातच, एकच अशोकस्तंभ असतो. तीन तारे कॅप्टनचे. अशोकस्तंभ आणि एक तारा, तो लेफ्टनंट कर्नल. ज्याने वर्षानुवर्षं ती खूण खांद्यावर मिरवली तो स्वतःचा हुद्दा चुकेल? तो फोटो खऱ्या सुभेदाराचा असेल, किंवा शिंप्याकडून शिवून आणलेली वर्दी असेल. मेजरचा तो नाही.

दुसरा फोटो तर तारखेतच सापडतो. त्यात बारीक बारीक चौकोनांच्या नक्षीचा लढाऊ पोशाख आहे. हा नवा पोशाख लष्कराने पहिल्यांदा दाखवला १५ जानेवारी २०२२ च्या आर्मी डेला. बाजारात कुणीही उठून तो शिवून विकू नये म्हणून त्या नक्षीचे हक्कही लष्कराने नोंदवून घेतले. तुझे मेजरसाहेब २०१९ ला रिटायर झालेत. मग २०२२ चा पोशाख अंगावर कुठून आला?

आता वयाचा हिशोब कर, बोटांवर जमेल. ३६व्या वर्षी रिटायर, नोकरी २२ वर्षं. ३६ वजा २२ म्हणजे १४. चौदाव्या वर्षी कुणी फौजेत जात नाही. शिपाई म्हणून भरती व्हायलाही साडेसतरा वर्षं पूर्ण लागतात. अधिकाऱ्याला तर कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळेपर्यंत विशी गाठावी लागते. शिवाय अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन मिळायला २० वर्षांची सेवा लागते, जवानाला १५. शॉर्ट सर्व्हिसवाले अधिकारी १० किंवा १४ वर्षांनी बाहेर पडतात, पण त्यांना हे पेन्शन नसतं. जखमी होऊन बाहेर पडलेल्यांना अपंगत्वाचं पेन्शन मिळतं, तो प्रकार वेगळा, आणि तसं ते म्हणालेले नाहीत. म्हणजे 'मेजर, ३६व्या वर्षी रिटायर, पेन्शन चालू' या तीन गोष्टी एका माणसावर बसवणं कठीण आहे.

आणि सहायक! अगं, सहायक म्हणजे नोकरीत असलेल्या अधिकाऱ्याच्या दिमतीला दिलेला जवान. २०१९ ला घरी आलेल्या माणसाला सहायक कुठून? तो नंबर ज्याच्या नावावर आहे, तो या खेळातला भागीदार असेल, नाहीतर थोड्या पैशांसाठी खातं वापरायला दिलेला कुणी पोरगा.

पेन्शनचं जरा नीट समजून घे, कारण त्यात थोडं खरं मिसळलेलं असतं आणि म्हणूनच माणूस फसतो. 'स्पर्श' ही संरक्षण पेन्शनची खरी ऑनलाइन व्यवस्था आहे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला तर पेन्शन थांबते, हेही खरं. आमच्या आळीतल्या दोन काकांची अशी थांबली होती. त्यांनी काय केलं? सेवा केंद्रात जाऊन बोटाचा ठसा दिला, दाखला भरला, पेन्शन सुरू झाली. अडकलेली पेन्शन सोडवायला कुठेही हजारो रुपयांचा 'क्लिअरन्स' भरावा लागत नाही. तसंच सुट्टी मंजूर करून घ्यायला पैसे लागत नाहीत, मिलिटरी हॉस्पिटलात ऑपरेशन करून घ्यायला पैसे लागत नाहीत, लग्नाच्या परवानगीची फी नसते. कॅन्टीनची गाडी फौजीच्या स्वतःच्या नावावर निघते, होणाऱ्या मेव्हण्याच्या नावावर नाही. भावाला 'भरती करून देतो' ही पुढची ओळ अजून आली नसेल तर येईल. भरतीला पैसे लागत नाहीत आणि पैसे घेऊन कुणी भरती करू शकत नाही, हे त्यालाही सांगून ठेव.

तुझी खरी अडचण कागदांची नाही, मला कळतंय. फौजीला विचारायचं म्हणजे पाप, असं आपल्याकडे वाटतं. आपल्या सातारा जिल्ह्यात तर जास्तच. अपशिंगे गावाला आपण अपशिंगे मिलिटरी म्हणतो, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. घरटी फौजी असलेल्या मुलखात वर्दीपुढे मान आपोआप झुकते. ती झुकावीही. फसवणारा नेमका त्या झुकलेल्या मानेवर पाय ठेवतो.

माझ्या एका मावसबहिणीचं लग्न असंच लागलं होतं, फार वर्षं झाली. मुलगा नेव्हीत आहे म्हणून सांगितलं. माझे एक काका म्हणाले, चौकशी करून येतो. तर आजोबा भडकले: 'देशाचं मीठ खाणाऱ्याची चौकशी करायची?' तीन महिन्यांनी तिला कळलं की तो नेव्हीत नव्हता आणि त्याला आधीची बायको होती, दोन मुलं होती. ती माहेरी परत आली आणि कुणाविरुद्ध तक्रार केली नाही, कारण घरच्यांनी विषयच बंद केला. त्या माणसाने पुढे आणखी किती घरं बुडवली असतील, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही. म्हणून तुझं पत्र आल्या आल्या लिहायला बसले.

आणि खरा फौजी कसा वागतो ते माझ्या वडिलांवरून सांगते. त्यांची काळी ट्रंक होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. त्या ट्रंकेत सगळ्यात वर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक. भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, कारण, चारित्र्याचा शेरा, पदकं, अंगावरच्या खुणा, सगळं त्यात. घरी कुणीही आलं की निमित्त काढून ते दाखवायचे. शेवटच्या आजारपणात माणसं ओळखेनाशी झाली होती, पण डॉक्टरांनी नाव विचारलं की आधी नंबर सांगायचे, मग नाव. फौजी आपला नंबर विसरत नाही आणि आपले कागद दाखवताना दुखावत नाही. एसटी स्टँडवर दोन रिटायर फौजी भेटले की पहिला प्रश्न असतो, 'पलटण कुठली?' दुसऱ्या मिनिटाला दोघांच्या ओळखीचा कुणी सुभेदार निघतो. अधिकारी असेल तर लष्करी प्रशिक्षण देहरादूनला घेतलं की चेन्नईला, कोर्स कितवा, बरोबरचे कोण, हे न अडखळता सांगतो. तू कधी दुसरा फौजी बरोबर घेऊन यांना भेटलीस का? नाही ना? तुझ्या तालुक्यात माजी सैनिक संघटना असेलच. त्यातल्या एखाद्या काकांना चहाच्या टेबलावर पाच मिनिटं समोर बसव, तुला काही विचारावं लागणार नाही.

पण तुझ्या बाबतीत आता परीक्षा घेत बसायची वेळ राहिलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं जे लिहितेय ते हे पत्र वाचणाऱ्या इतर मुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी, आणि तुलाही पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून.

व्हॉट्सॲपवर आलेला कार्डाचा फोटो पुरावा म्हणून धरू नका. जुन्या वस्तूंच्या साइटवर 'मी आर्मीत आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात विकायची आहे' असं सांगून जी फसवणूक चालते, त्यात खऱ्या जवानांची आधार आणि कॅन्टीन कार्डं चोरून वापरली जातात. तीच कार्डं इथेही फिरतात. कागद हातात घेऊन, मूळ प्रत पाहायची. जवान किंवा जेसीओ असेल तर डिस्चार्ज बुक, अधिकारी असेल तर सेवामुक्तीचा आदेश. माजी सैनिकाचं ओळखपत्र. ईसीएचएसचं कार्ड, म्हणजे रिटायर फौजी आणि त्यांच्या कुटुंबाच्या औषधोपचारांचं.

आणि पीपीओ. पेन्शनचा आदेश. आर्मीवाल्यांचा तो प्रयागराजच्या कार्यालयातून निघतो. मुलींनो, लग्नाच्या दृष्टीने हा कागद सोन्यासारखा आहे, कारण फौजी गेल्यावर कुटुंब पेन्शन कुणाला मिळणार ते त्यात असतं, म्हणजे बायकोचं नाव असतं. घटस्फोटित म्हणवणाऱ्याच्या पीपीओवर बायकोचं नाव तसंच असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागायची आणि तो दावा कुठल्या कोर्टात चालला तिथे वकिलामार्फत खात्री करून घ्यायची. विधुर असेल तर मृत्यूचा दाखला. घटस्फोट 'चालू आहे, होऊन जाईल' असं असेल तर होऊन गेल्यावर या, एवढंच उत्तर.

मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. जवळपास प्रत्येक जिल्ह्यात ते आहे, माजी सैनिकाची नोंद तिथे असते, ओळखपत्र तिथून मिळतं. फोनवर कुणाची खाजगी माहिती सहसा मिळणार नाही, म्हणून त्यालाच घेऊन जायचं. 'लग्नानंतर माझं नाव रेकॉर्डला लावायला काय काय लागतं ते आधीच विचारून येऊ' असं म्हणा. यात संशय नाही, अपमान नाही, नाव लावायला पुढे कागद लागतातच. खरा असेल तर आनंदाने येईल आणि तिथल्या कारकुनाशी गप्पा मारत बसेल. खोटा असेल तर त्या दिवशी त्याचं पोट दुखेल.

गावाला गेल्याशिवाय तर होकारच द्यायचा नाही. दोन्ही भेटी हॉटेलात, यावर तुझ्या आईने बोलायला हवं होतं. विदर्भ काही परदेश नाही, रात्री गाडीत बसलं की सकाळी पोचतो. गावात पोलीस पाटलाला विचारा, ग्रामपंचायतीत विचारा. माजी सैनिकाला घरपट्टीत सवलत मिळते, तिथल्या दप्तरात नाव असतं. आणि दप्तर कशाला, आपल्या खेड्यात फौजी कोण हे पारावर बसलेल्या कुणालाही माहीत असतं.

आळंदीबद्दल. तिथे हजारो जणांची लग्नं नीट लागली आहेत, त्या जागेला काही म्हणायचं नाही. पण घाई जर त्याची असेल आणि कागद नसतील, तर आठवड्याभरात उरकणारं लग्न नको. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची म्हटलं की ३० दिवसांची नोटीस लागते. लोकांना ती कटकट वाटते. तुझ्यासारखीला ते ३० दिवस म्हणजे एक कुंपण आहे.

काही जणींना देशी मेजरऐवजी अमेरिकन सैन्यातला डॉक्टर भेटतो, सीरियात किंवा येमेनमध्ये, मोहिमेवर असल्याने व्हिडिओ कॉल न करणारा. मग तो दागिन्यांचं पार्सल पाठवतो आणि 'दिल्ली विमानतळावरून कस्टम अधिकारी' फोन करून शुल्क मागतो. कस्टमवाले कुणाच्या खाजगी खात्यात पैसे मागत नाहीत आणि त्यांच्या प्रत्येक पत्रावर तपासता येणारा दस्तऐवज क्रमांक असतो. फोन ठेवून द्यायचा.

आता पुन्हा तुझ्याकडे येते. त्याला काही कळू देऊ नकोस. 'तू खोटा आहेस' असा मेसेज टाकायचा मोह होईल, मला माहीत आहे, चार महिन्यांचा राग असेल. टाकलास की तो नंबर बंद करून पसार होईल. दीड लाखाला 'भावाची एफडी मोडायला वेळ लागतोय' म्हण. चॅट पुसू नकोस. साइटवरची त्याची माहिती, दोन्ही पेमेंटचे व्यवहार क्रमांक, तारखा, फोन नंबर, कॉलची नोंद, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून भावाच्या फोनवरही ठेव. बँकेतून त्या दोन दिवसांचा शिक्का मारलेला उतारा घे. १९३० वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली की तिचा क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जा, आईला किंवा भावाला बरोबर ने. तिथे कुणी 'एवढी शिकलेली बाई, कळलं नाही का' असं म्हणालं तर खाली बघू नकोस. तक्रार लिहून घ्या म्हण. एकटीला जड वाटलं तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

कायदा तुझ्या बाजूला आहे, तो थोडा माहीत असू दे. भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८ खाली येते आणि दुसराच कुणीतरी असल्याचं भासवून केलेली फसवणूक ३१९ खाली. सैनिक नसताना सैनिक वाटावं म्हणून तसा पोशाख घालणं हाच कलम १६८ खाली गुन्हा आहे. ओळख लपवून किंवा लग्नाचं खोटं वचन देऊन शरीरसंबंध ठेवले असतील तर कलम ६९ आहे, त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तू त्याबद्दल काही लिहिलं नाहीस आणि मी विचारतही नाही, पण तसं काही असेल तर ते महिला पोलीस अधिकाऱ्याला सांगायला कचरू नकोस. खाजगी फोटो त्याच्याकडे असतील आणि तो धमकी द्यायला लागला, तर एक रुपयाही द्यायचा नाही, ती धमकी तशीच्या तशी पोलिसांना दाखवायची. आणि ज्यांचं लग्न होऊन गेलंय त्यांच्यासाठी: हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे फसवून लावलेलं लग्न रद्द करून घेता येतं, पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. नुसतं रडत वर्ष घालवू नका.

समजा, लाखात एक शक्यता म्हणून, मी चुकले आणि हा माणूस खरा निघाला. खांद्यावरची पट्टी, नवा पोशाख, चौदावं वर्ष, सहायक, या सगळ्याची काही खुलाशेवार उत्तरं निघाली. तर ती तो पोलिसांसमोर पाच मिनिटांत देईल, आणि तुझं त्यात काही बिघडणार नाही. चौकशी झाली म्हणून जो माणूस तुला सोडेल, तो तुझ्या लेकीचा बाप व्हायच्या लायकीचा नव्हता.

आईशी तू बोल, पण आज नको. आधी भावाशी बोल आणि दोघं मिळून तिला सांगा. तिला पोरीचं घर पुन्हा उभं राहिलेलं बघायचं होतं, तिच्या डोळ्यांसमोर तेच होतं, म्हणून तिला दुसरं काही दिसलं नाही. तिच्यावर रागावू नकोस. आणि स्वतःवर तर मुळीच नाही. आठ-आठ तास दुसऱ्यांच्या जखमा धुऊन घरी येणाऱ्या बाईला कुणी 'जेवलीस का' विचारलं, आणि ते तिला गोड वाटलं, यात लाज कसली?

राहिली लेक. ती विचारेल, फौजी काका का येत नाहीत. ते लांब गेलेत, बॉर्डरवर गेलेत, असं काही सांगू नकोस. ती वाट बघत बसेल. 'ते काका खरं बोलत नव्हते, ते फौजी नव्हते, मला कळल्यावर मी त्यांच्याशी बोलणं थांबवलं' असं सरळ सांग, नऊ वर्षांच्या मुलीला समजतं. टेबलासमोरचा तो फोटो तिच्यादेखत हळू काढ. फाडू नकोस, चिकटपट्टीसकट पाकिटात घाल आणि पाकिटावर तो तुला कधी, कुठल्या नंबरवरून आला ते लिहून ठेव. पोलिसांना तो लागेल.

– मावशी